कोलकात्याचा बिनबुंध्याचा वड

फळबागाइतदारांच्या परिषदेनिमित्त गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस कोलकात्यास जाण्याचा योग आला. घरीं संत्र्याचीं चाळीस झाडें डिंक्या रोगानें खंगत होतीं. तीं राखावीं कीं उपटावीं, हाच विचार प्रवासभर मनांत घोळत होता. दुसऱ्या दिवशीं सभा लवकर आटोपली. सोबतची मंडळी व्हिक्टोरिया स्मारक पाहण्यास गेली. आम्हीं हुगळी ओलांडून शिवपूरच्या वनस्पति-उद्यानाची वाट धरली.

हें उद्यान १७८७ सालीं कर्नल किड यांनीं स्थापिलें. चिनी चहाच्या बियांचीं रोपें येथेंच वाढवून आसामाकडे धाडण्यांत आलीं. परंतु आमचे पाय खिळले ते तेथील अडीचशे वर्षांहून जुन्या वडापाशीं. १८६४ व १८६७ च्या वादळांनीं तो जखमी झाला, जखमांत बुरशी शिरली, आणि १९२५ सालीं त्याचा मुख्य बुंधा कापून काढावा लागला. तरी हजारों पारंब्यांवर झाड आजही पसरत आहे! बुंधा नाहीं हें कोणी सांगितल्यावांचून कळतही नाहीं.

क्षणभर मनास मोठी आशा वाटली. पण संत्र्यास पारंब्या कोठून असणार? दुसऱ्या दिवशीं परिषदेंतील एका तज्ज्ञांस गांठलें. ज्यांची साल बुंध्याभोंवतीं सर्वत्र सडली तीं उपटावीं, इतरांची सडकी साल तासून बोर्डो मलम लावावें, आणि बुंध्यास पाणी लागूं नये म्हणून दुहेरी आळें करावें, असें त्यांनीं सांगितलें. परतल्यावर अकरा झाडें उपटलीं. उरलेल्या एकोणतिसांचें काय होतें तें मृगानंतर वाचकांस कळवूं.