गेममध्ये रेसिंग कार बनवायची, तर इंजिनाआधी नियमांचं पुस्तक का उघडावं लागतं?

कार रेसिंगचा गेम म्हटलं की स्टीअरिंग फिरवणं, ब्रेक मारणं आणि शेवटी भिंतीला धडकणं एवढंच डोळ्यासमोर येतं. पण 'ऑटोमेशन' नावाच्या गेममध्ये गाडी चालवायची सोयच नाही. इथं गाडी बनवायची असते. कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या कंपनीचा हा गेम २०१५ मध्ये स्टीमवर आला. त्यात पिस्टनच्या मापापासून टायरच्या रुंदीपर्यंत सगळं तुम्हीच ठरवायचं. बनवलेली गाडी चालवून बघायची असेल, तर ती 'बीमएनजी ड्राइव्ह' या दुसऱ्या गेममध्ये नेता येते.

खरी मजा येते ती खेळाडू आपापसात स्पर्धा लावतात तेव्हा. आयोजक नियम जाहीर करतो, बाकीचे त्या नियमांत बसणारी गाडी बनवून पाठवतात. यातला एक आवडता प्रकार म्हणजे टूरिंग कार.

टूरिंग कार म्हणजे नेमकं काय?

फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर दिसत नाही. टूरिंग कार मात्र शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरूनच बनते. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची मालिका १९५८ पासून चालू आहे. १९९० च्या दशकातला तिचा 'सुपर टूरिंग' काळ आजही चाहत्यांच्या लक्षात आहे. तेव्हाचे मुख्य नियम साधे होते : इंजिन जास्तीत जास्त २ लिटरचं, टर्बो नाही आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला ८,५०० च्या वर न्यायचे नाहीत.

वाचायला सोपं वाटतं. डोकं लागतं ते इथून पुढे.

दोन लिटर सगळ्यांनाच, मग फरक कुठं पडतो?

इंजिनाचा सीसी दोन मापांवर ठरतो. सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर आणि पिस्टनचा वर-खाली प्रवास म्हणजे स्ट्रोक. आपल्याकडच्या दोन बाइक घ्या. क्लासिक ३५० चं बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८ मिमी. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या जुन्या ३७३ सीसी इंजिनाचं बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक फक्त ६० मिमी. सीसीत फार फरक नाही, पण एक सुमारे २० हॉर्सपॉवर देते आणि दुसरी सुमारे ४३. या तफावतीमागे इतरही कारणं आहेत, पण मोठं कारण हे की ड्यूकचं इंजिन खूप जास्त आरपीएमला पळतं आणि छोटा स्ट्रोक त्याला ते जमवून देतो.

आता हेच गणित रेसिंग कारला लावू. चार सिलिंडर, बोअर ८६ आणि स्ट्रोकही ८६ मिमी ठेवला तर १,९९८ सीसी होतात. ८,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास जातो. वर तो दर मिनिटाला १७,००० वेळा थांबून उलटा फिरतो. बोअर ९२ आणि स्ट्रोक ७५ केला तर सीसी १,९९४ होतात, पण पिस्टनचा वेग ताशी ७६ किलोमीटरवर येतो. भागांवरचा ताण घटतो, शिवाय रुंद सिलिंडरमुळे मोठ्या व्हॉल्व्हना जागा मिळते.

मग स्ट्रोक आणखी छोटा का करू नये? कारण ८,५०० ची मर्यादा. १०,००० आरपीएमला ताकद देणारं इंजिन बनवलं, तर त्याची खरी ताकद वापरायची परवानगीच नाही. म्हणजे नियमाचा तो एक आकडा इंजिनाचं माप ठरवून टाकतो. नवीन खेळाडू सर्वात जास्त ताकदीच्या मागे लागतात. अनुभवी खेळाडू ८,५०० च्या थोडं आधी सर्वात जास्त ताकद मिळेल असं इंजिन बनवतात.

पेट्रोलचंही तसंच. कॉम्प्रेशन रेशो वाढवला की ताकद वाढते. पण स्पर्धेत ९५ ऑक्टेनचंच पेट्रोल सक्तीचं असेल, तर एका मर्यादेनंतर इंजिन नॉकिंग करायला लागतं. मोठा स्पॉइलर लावला तर वळणावर गाडी चिकटून राहते, पण सरळ रस्त्यावर हवा तिला मागं खेचते. प्रत्येक फायद्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

नियमातली फट सापडली तर?

खऱ्या रेसिंगमध्ये हे घडलंय. १९९४ मध्ये अल्फा रोमिओ १५५ घेऊन ब्रिटनच्या मालिकेत उतरली. नियम असा की रेसमधले एअरोडायनॅमिक भाग विक्रीच्या गाडीसोबतही मिळाले पाहिजेत. अल्फाने तशी खास आवृत्ती विक्रीला काढली. मागचा स्पॉइलर उंच करायचे भाग मात्र डिकीत ठेवून दिले, ज्याला हवे त्याने बसवावेत! गॅब्रिएल तार्क्विनीने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या. बाकीच्या कंपन्या भडकल्या, तक्रारी झाल्या. औल्टन पार्कला अल्फाची टीम चक्क मैदान सोडून निघून गेली. तरी नंतर परतून त्या वर्षीचं विजेतेपद तार्क्विनीनेच घेतलं आणि १९९५ पासून सगळ्यांनाच स्पॉइलरची मुभा मिळाली.

पुढे १९९६ मध्ये फ्रँक बिएलाने चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑडी ए४ मधून मालिका जिंकली. तिला रोखायला हंगाम चालू असताना वजन वाढवलं गेलं आणि काही काळाने अशा गाड्यांवर बंदीच आली.

मग यातून मिळतं काय?

नियम बनवणारा सगळ्या टीमना एका पातळीवर ठेवायला बघतो आणि डिझाइन करणारा त्याच नियमात आपल्यापुरती जागा शोधतो. अल्फाला हे शिकताना भांडणं, तक्रारी आणि कारखान्याचा पैसा लागला. गेममध्ये चुकीचं इंजिन फुटलं, तर फक्त एक संध्याकाळ वाया जाते.

म्हणून अशा स्पर्धेत पहिल्यांदा उतरणार असाल, तर रंग आणि स्टिकर नंतर. आधी नियमांची यादी घ्या आणि प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहा : हा आकडा कुणाला रोखायला ठेवलाय? त्याचं उत्तर सापडलं की तुमची निम्मी गाडी तयार झाली समजा.