दुकानातली बाहेरची वाट मोकळी आहे ना?

१८ मे २०२५ रोजी, रविवारी पहाटे, सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. कारखान्यातच राहणारे कुटुंब त्यात सापडले. मृतांत लहान मूलही होते. कारखान्यांची तपासणी वेगळ्या कायद्याखाली होते. पण तेच टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे शहरातल्या दुकानांत, पोटमाळ्यावर, कधी जिन्यातही रचलेले असतात. त्यामुळे हा धोका बाजारपेठेतही आहेच.

आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक माणसे दगावतात. बंद जागेत कापड धुमसू लागले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. श्वास चालू असतो, पण मेंदूला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मग काही सुचत नाही आणि शुद्ध हरपते. झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही. म्हणून बाहेर पडण्याची वाट मोकळी असणे सर्वांत महत्त्वाचे.

दुकाने आणि कार्यालयांसाठी राज्यात २०१७ चा कायदा आहे. स्वच्छता, उजेड, खेळती हवा, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि आगीपासून बचाव ही मालकाची जबाबदारी आहे. जुन्या कायद्यातील निरीक्षकाच्या जागी आता ‘फॅसिलिटेटर’ आहे. तपासणीबरोबर मालक-कामगारांना सल्ला देणे हेही त्याचे काम. मात्र मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानांना नोंदणीऐवजी फक्त माहिती कळवावी लागते. तिथे तपासणीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मोठ्या व्यापारी इमारतींना २००६ चा अग्निसुरक्षा कायदाही लागू आहे. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. आपल्या इमारतीचे यंदाचे प्रमाणपत्र आहे का, हे भाडेकरूंनीही विचारावे.

बाकीची तपासणी दहा मिनिटांत स्वतः करता येते. जिना आणि मागचे दार मालाने अडलेले नाही ना? माणसे आत असताना शटरला बाहेरून कुलूप लागत नाही ना? एकाच बोर्डावर पंखा, इस्त्री, चार्जर असा भार नाही ना? अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, आणि ते वापरता कोणाला येते? रात्री दुकानात कोणी झोपते का?

विजेमुळे लागलेल्या आगीवर पाणी टाकू नका. शक्य असेल तर मेन स्विच बंद करा. धूर भरला असेल तर वाकून, जमिनीलगत बाहेर पडा. १०१ ला फोन करा आणि माल काढायला परत आत जाऊ नका.