हिम कापणारे चक्र

आकाशातून उतरताना हिम पिंजलेल्या कापसासारखे दिसते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाचा एक घनमीटर तोलला, तर त्याचे वजन बहुधा शंभर किलोग्रॅमच्या आसपास भरते. तेवढ्याच पाण्याचे वजन हजार किलोग्रॅम असते. परंतु हिमाचे हे हलकेपण फार काळ टिकत नाही. वारा त्याला लोटतो, वरच्या थरांचा भार खालच्या थरांना चेपतो, दुपारच्या उन्हाने पृष्ठभाग वितळतो आणि रात्रीच्या थंडीने पुन्हा गोठतो. थोड्याच दिवसांत तो घनमीटर तीनशे-चारशे किलोग्रॅमचा होतो. आठ मीटर रुंदीच्या रस्त्यावर असे दबलेले हिम एक मीटर उंच साचले, तर एका किलोमीटरमध्ये तीन हजार टनांपर्यंत ओझे पडलेले असते. उंच डोंगरांतल्या घाटांत तर एक मीटर म्हणजे काहीच नव्हे; तेथे हिमाचे ढीग दुमजली घराएवढे होतात.

हे ओझे दूर करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे नांगर. इंजिनाच्या पुढे लोखंडाची मोठी पाचर बसवावयाची आणि वेगाने हिमात घुसावयाचे. शेतातला नांगर माती उलटतो तसे हिम दोन्ही अंगांना सरते. सपाट प्रदेशात आणि ताज्या हिमात हे साधन आजही उत्तम काम देते. अडचण येते ती डोंगर खोदून काढलेल्या अरुंद मार्गात. तेथे दोन्ही बाजूंना भिंती असतात. नांगराने लोटलेल्या हिमाला जावयास जागाच नसते. ते पुढे रेटले जाते, अधिकच दाबले जाते आणि शेवटी दगडासारखे घट्ट होऊन नांगरालाच अडवून धरते. हिम बाजूस लोटणे पुरेसे नाही, ते उचलून दूर फेकले पाहिजे, ही गोष्ट येथे स्पष्ट झाली.

ही कल्पना यंत्राच्या रूपाने प्रथम कोणा रेल्वेच्या अभियंत्याने मांडली नाही. कॅनडातील टोरांटो येथील जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्यांनी १८६९ साली फिरत्या चक्राच्या हिमयंत्राचे पेटंट घेतले. त्यांचे यंत्र कागदावरच राहिले. पुढे ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज ज्यूल यांनी ती कल्पना सुधारली, लहान नमुने तयार केले आणि ते वाळूत चालवून पाहिले. हिमाऐवजी वाळू ही युक्ती मोठी मार्मिक होती. उन्हाळ्यातही प्रयोग थांबवावा लागला नाही! १८८३-८४ च्या हिवाळ्यात लेस्ली बंधूंनी त्यांच्या आराखड्यावरून पूर्ण आकाराचे यंत्र बांधले आणि ते यशस्वी ठरले.

या यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. एका डब्याच्या तोंडाशी, डब्याच्या रुंदीएवढे मोठे चक्र उभे बसविलेले असते. चक्राच्या पुढच्या अंगाला धारदार पाती असतात. ती हिमाच्या भिंतीचे पातळ काप काढतात. कापलेले हिम चक्रातील कप्प्यांत शिरते, चक्राच्या गतीमुळे परिघाकडे फेकले जाते, आणि वरच्या बाजूस ठेवलेल्या एकाच तोंडातून फवाऱ्यासारखे बाहेर पडते. चक्र उलट दिशेने फिरविले की पाती बिजागरीवर आपोआप उलटतात आणि तोंड वळविले की हिम दुसऱ्या अंगाला पडते. दरी उजवीकडे असो की डावीकडे, काम अडत नाही. डब्यात बाष्पकुंड आणि वाफेचे यंत्र असते. पण त्यांची सारी शक्ती चक्र फिरविण्यात खर्च होते. डबा स्वतःहून पुढे सरकत नाही. त्याला मागून एक किंवा अनेक इंजिने ढकलतात. या ढकलण्यातच खरे कौशल्य आहे. फार जोराने ढकलले तर चक्र गुदमरते आणि थांबते. म्हणून पुढचा चालक शिटीच्या खुणांनी मागच्यांना सांगत राहतो.

असे हे चक्र घट्ट हिम कापते, परंतु त्याला एक वैरी आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतावर १९१० च्या फेब्रुवारीअखेर प्रचंड हिमवर्षाव झाला. वेलिंग्टन या लहानशा स्थानकात एक प्रवासी गाडी आणि एक टपाल गाडी अडकून पडली. चक्रयंत्रे कामास लावली होती. पण डोंगरावरून कोसळणारे हिमलोट एकटे येत नव्हते. त्यांच्यासोबत मोडलेले वृक्ष आणि खडक येत. हिम कापणाऱ्या पात्यांना ओंडके कापता येत नाहीत. ती वाकतात, तुटतात. असे ढीग माणसांना फावड्यांनी मोकळे करावे लागले आणि एका जागचा मार्ग साफ होईतो दुसऱ्या जागी नवा लोट येई. वाटेत अडकलेल्या यंत्रांचा कोळसाही संपत आला. काही प्रवासी धीर करून पायी डोंगर उतरून गेले. उरलेले गाडीतच झोपले असताना १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर डोंगराची बाजू सुटली आणि तिने दोन्ही गाड्या खालच्या नदीच्या खोऱ्यात लोटून दिल्या. शहाण्णव माणसे मृत्युमुखी पडली. यंत्रे उत्तम होती, चालविणारेही कसलेले होते. तरी जे केवळ हिमासाठी बनले होते त्यापुढे निराळाच पदार्थ आला होता. रेल्वेने पुढे अधिक खालून साडेबारा किलोमीटर लांबीचा बोगदा खणला आणि तो १९२९ साली सुरू झाला.

रस्त्यांवरील यंत्राचा जन्म मात्र शेताच्या कडेला झाला. क्वेबेक प्रांतातील आर्थर सिकार्ड हे दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातले. धान्याचे मळणीयंत्र पाहून त्यांना हिमाचे यंत्र सुचले, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९२५ साली त्यांनी ते मोटारीच्या सांगाड्यावर बसविले. आजच्या पुष्कळ यंत्रांत हे काम दोन टप्प्यांनी होते. पुढचे मळसूत्र हळू फिरून हिम फोडते आणि मध्यभागी आणते. मागचे पंखे वेगाने फिरून ते धुराड्यासारख्या नळीतून दूर फेकतात. मळसूत्राच्या दांड्यात मुद्दाम एक कमकुवत खीळ ठेवलेली असते. दगड अडकला की ती खीळ तुटते आणि मळसूत्र थांबते; हजारो रुपयांचे यंत्र वाचते आणि नवी खीळ घालून काम पुन्हा सुरू होते.

भारतात ही यंत्रे हिमालयातील खिंडींत दिसतात. श्रीनगर-लेह मार्गावरील झोजी ला ही खिंड सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पूर्वी ती हिवाळ्यात सुमारे सहा महिने बंद राही आणि तेवढा काळ त्या रस्त्याने लडाखला धान्य, इंधन व औषधे नेता येत नसत. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेच्या माणसांनी हा काळ उत्तरोत्तर कमी केला. २०२५ साली खिंड केवळ बत्तीस दिवस बंद राहिली. तेथे हिमाच्या उंच भिंतींमधून रस्ता कोरताना सर्वत्र एकच यंत्र वापरीत नाहीत. जेथे हिमलोट उतरलेला असतो, तेथे आधी बुलडोझर जातो. तो दगड, माती आणि मोडकी झाडे दरीच्या कडेला लोटतो. मागे स्वच्छ हिम उरले, की मगच चक्राला पुढे बोलावतात.