विजेचा इशारा वेळेवर दिसावा यासाठी : पार्श्वभूमीतील थ्रेड व संदेशांची रांग

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप २० व ४० किलोमीटर परिघात वीज पडण्याच्या शक्यतेची सूचना देते. मात्र अशी सूचना तत्काळ पडद्यावर दिसली, तरच शेतातील माणसाला सुरक्षित स्थळी पोहोचता येते.

अँड्रॉइड ॲपमध्ये पडदा रेखाटणे व स्पर्शाला प्रतिसाद देणे ही कामे ‘मुख्य थ्रेड’ करतो. संदेशाची वाट पाहण्याचे कामही त्याच्यावरच सोपविल्यास पडदा गोठतो. स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद न मिळाल्यास ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. म्हणून संदेश स्वीकारण्याचे काम पार्श्वभूमीतील स्वतंत्र थ्रेडकडे दिले जाते. तो प्रत्येक संदेश रांगेत ठेवतो. मुख्य थ्रेड तेथून एकेक उचलून दाखवितो. बाजार समितीत आवक एकदम झाली तरी लिलाव क्रमानेच होतो, तसेच हे आहे. तथापि केवळ आगमनक्रम पाळल्यास बाजारभावांच्या संदेशांमागे विजेचा इशारा अडकू शकतो. त्यामुळे तातडीच्या संदेशांना रांगेत अग्रक्रम देणे आवश्यक ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मोबाईलमध्ये हवामान ॲपच्या सूचना व पार्श्वभूमीतील डेटा सुरू असल्याची खात्री करावी आणि ते ॲप बॅटरी बचतीच्या निर्बंधातून वगळावे.