गिरणगावच्या जागत्या रात्री

१९८८-८९ च्या सुमारास विलायतेत ‘रेव्ह’ नावाचे वेड आले. रिकाम्या गोदामात शेकडो पोरे जमायची आणि यंत्रावरच्या एकसुरी ठेक्यावर पहाटेपर्यंत नाचायची. ब्लॅकबर्न हे त्यातले गाजलेले गाव, एके काळचे कापडगिरण्यांचे. गिरण्या बंद, गोदामे ओस. पोरांना आयती जागा सापडली. अमली गोळ्याही आल्या, ते झाकण्यात अर्थ नाही. पुढे १९९४ साली कायदा झाला, आणि त्यात चक्क ‘एकसारखे येणारे ठोके’ अशी संगीताची ओळख घातली गेली!

आपली मुंबईही कापडगिरण्यांचीच. पण इथल्या रात्री जाग्या झाल्या त्या गिरण्या चालू असताना. त्याचे कारण घरात शोधावे लागते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, हे सरकारी खाते १९२० साली निघाले. त्याने वरळीत १२१ चाळी बांधल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात सारे कुटुंब, नाहीतर एकाच गावचे दहा-पंधरा गडी. मग तरण्या पोराने रात्री जायचे कुठे? जिन्यावर, गच्चीवर, पटांगणात. त्यात दुसरी पाळी सुटायची मध्यरात्रीच्या सुमारास. घामेजलेला माणूस लगेच झोपतो थोडाच!

कोकणातल्या पोरांची जाखडी घ्या. मधोमध मृदंग नि गाणारे, भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण, पायात घुंगरू. शक्तीवाले एक बाजू, तुरेवाले दुसरी. एकाने गाण्यातून कोडे घालायचे, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचे. उत्तर सापडेपर्यंत रात्र सरते. भीमजयंतीला कव्वालीचे सामने होत. शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी जणांना इतिहास कळला तो असा, कानांनी. माझ्या मते ही रात्रशाळाच होती. फक्त हजेरीपट नव्हता.

पण गाण्याने माणसे जुळतातच, असे सरसकट म्हणू नये. याच वरळीच्या चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दंगल पेटली आणि शेजारी शेजाऱ्यावर उठला.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पाळ्या थांबल्या, कित्येक गडी गावी परतले ते कायमचेच. पुढे मृदंगाच्या जागी भिंतीएवढे कर्णे आले. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतर कर्ण्याला बंदी घातली; सणासुदीच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. आजारी माणसाच्या उशाशी कर्णा वाजत असेल तर हा नियम हवाच. इकडे गिरण्यांच्या आवारात उपाहारगृहे नि मद्यगृहे थाटली गेली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर आग लागून १४ जण गेले.

आता चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा संडास. ज्यांनी रांगा लावल्या त्यांनाच त्याचे मोल. मात्र रिंगण धरायचे पटांगण आता कसे असेल, हे तिथली पोरेच ठरवतील.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्या गावात गिरणीतून परतलेला एखादा म्हातारा शाहीर असेल. त्याच्या पेटीत सवालजबाबांची हस्तलिखित वही असण्याचा संभव आहे. वाळवी लागण्याआधी मुलांकडून ती उतरवून घ्या, आणि चाली त्याच्याच तोंडून ऐका. चाल काही वहीत लिहिलेली नसते.