घाट उतरवणारं इंजिन

ओतूरकडून कांदा भरून निघालेली पिकअप माळशेज घाट उतरते, तेव्हा पायथ्याशी पोहोचेपर्यंत ती सुमारे ६०० मीटर खाली आलेली असते. गाडी आणि माल मिळून ३ टन वजन धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जवळजवळ साडेसतरा मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या हिशेबात हे पाच युनिटांपेक्षा जरासंच कमी झालं. ही सगळी ऊर्जा वेगात उतरली आणि वाटेत कशानेच गाडीला अडवलं नाही, तर पायथ्याशी तिचा वेग ताशी ३९० किलोमीटर असेल! प्रत्यक्षात गाडी तिशी-चाळिशीने शांतपणे मोरोशीला येते. मग ती पाच युनिटं गेली कुठे?

थोडी हवेच्या विरोधात जातात, थोडी टायर दबण्या-फुगण्यात. उरलेली बरीचशी कुणाला तरी गिळावीच लागते. ते काम एकट्या ब्रेकवर सोपवलं तर काय होईल, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चारही चाकांमधल्या डिस्क आणि ड्रमचं लोखंड मिळून ४० किलो धरू. सगळी उष्णता त्यातच साठून राहिली, तर त्याचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाईल. बीड इतकं तापलं की लालभडक दिसतं. वारा लागत असल्यामुळे वेळ तिथवर येत नाही, पण त्याच्या निम्म्या वाटेवरही ब्रेकचं बळ सरायला लागतं.

हे बळ सरतं कसं, ते जरा थांबून पाहू, कारण त्यात एकापेक्षा जास्त कारणं एकाच वेळी काम करत असतात. लायनरमधली राळ तापली की तिच्यातून वायू सुटतो आणि घर्षण कमी होतं. घाटात नाकात जाणारा तो करपट वास त्याचाच. मागच्या चाकांचे ड्रम तापून फुगतात आणि आतल्या लायनरपासून लांब जातात, म्हणून पेडल अधिक खोल दाबावं लागतं. सगळ्यात घातक गोष्ट मात्र नळीत घडते. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी शोषून जुनं झालं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय थेट तळाला टेकतो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून आपण ज्याची बातमी वाचतो, त्यात पुष्कळदा मोडलेलं काहीच नसतं. फक्त उष्णता जिथे जायला नको तिथे गेलेली असते.

आता इंजिनाकडे या. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडी गिअरमध्येच ठेवली, की एक विलक्षण उलटापालट होते. आतापर्यंत इंजिन चाकं फिरवत होतं; आता चाकं इंजिन फिरवू लागतात. इंधन बंद होतं, सिलिंडरमध्ये आग नाही, तरी चार पिस्टन वर-खाली धावत राहतात. ज्या यंत्राची सगळी रचना शक्ती देण्यासाठी झाली, ते त्या क्षणापासून शक्ती खाणारा हवेचा पंप बनतं. एकही सुटा भाग जोडावा लागत नाही.

पेट्रोल इंजिनात हे समजायला सोपं आहे. पाय काढल्यावर हवेच्या वाटेवरची झडप मिटते, आणि पिस्टनला जवळजवळ बंद तोंडातून हवा ओढावी लागते. त्या ओढाताणीत गाडीचा जोर खर्च होतो. डिझेलची गोष्ट अधिक गमतीची आहे. पारंपरिक डिझेल इंजिनात अशी झडप नसतेच. हवा भरपूर आत येते, पिस्टन ती दाबतो, आणि दाबलेली हवा लगेच पिस्टनला परत ढकलते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की तो उसळून वर येतो, तसंच. म्हणजे घेतलेलं बरंचसं परत दिलं जातं! तरीही डिझेल गाडी गिअरवर धरते, कारण उरलेल्या गोष्टी लहान नाहीत: दाबलेली हवा तापून सिलिंडरच्या भिंतींना दिलेली उष्णता, पिस्टनच्या रिंगांचं घर्षण, ऑइल ढवळण्याचे श्रम, पाण्याचा आणि इंधनाचा पंप, हवा आत-बाहेर करण्याचा खटाटोप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर ढोबळमानाने ८ किलोवॅट असेच पचवतं. आपली पिकअप वीस मिनिटांत घाट उतरत असेल, तर पचवायची शक्ती साधारण १५ किलोवॅट. त्यातली ३ हवा आणि टायर घेतात. उरलेल्या १२ पैकी ८ इंजिनाने घेतले. ब्रेकच्या वाट्याला फक्त ४ आले. लायनर दुप्पट-तिप्पट का टिकतात, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

आणि ही उष्णता इंजिनाला जड जात नाही. त्याच्याकडे रेडिएटर आहे, फिरणारं पाणी आहे, सायलेन्सरमधून बाहेर पडणारी हवा आहे. लांब उतारावर तापमानाचा काटा उलट खाली सरकतो.

डिझेलच्या त्या उसळत्या हवेला अडवायची युक्ती एका भीतीतून सुचली. १९३१ मध्ये अमेरिकेत क्लेसी कमिन्स हे आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक हरले. खाली रेल्वे फाटक, आणि फाटकातून मालगाडी चाललेली. गाडीचा शेवटचा डबा पार झाला आणि ते थोडक्यात वाचले. ती भीती त्यांनी मनात जपली. निवृत्तीनंतर, १९५० च्या दशकात, त्यांनी उपाय शोधला: पिस्टन हवा पूर्ण दाबून वर पोहोचला की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्टची झडप किंचित उघडायची. दाबलेली हवा निसटते, परत ढकलायला काही उरत नाही, आणि दाबण्यात घातलेली सगळी ऊर्जा गाडीच्या खात्यातून कायमची वजा होते. १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने तो ब्रेक बाजारात आणला. वर्कशॉपमध्ये ड्रिलचा चक ज्या नावाने ओळखतात, ती हीच जेकब्स. कमिन्सचं नाव तर पुण्याला घरचं आहे. किर्लोस्कर कमिन्स इथे १९६२ मध्ये सुरू झाली. एक जीवघेणा उतार आठवत राहून त्यातून लाखो ड्रायव्हरांना उपयोगी पडेल असं काही घडवणं, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं वाटतं.

आपल्या पिकअपमध्ये तो ब्रेक नसतो. पण गिअर असतो, आणि जुन्या ड्रायव्हरांचा नियमही: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेल्या गाडीला बहुधा दुसरा. गिअर जितका खालचा, तितकं इंजिन जोरात फिरतं आणि त्याचा विरोध चाकापर्यंत अधिक पटींनी वाढून पोहोचतो. तरीही वेग वाढला तर ब्रेकवर पाय टेकवून बसू नये. नीट दाबून वेग सातआठ किलोमीटरने उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा, म्हणजे ड्रमला वारा खायला सवड मिळते. दोन गोष्टी जपायच्या. पिकअपमध्ये इंजिनाचा हा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो; गाडी रिकामी आणि रस्ता पावसाने निसरडा असेल, तेव्हा धाडकन खालचा गिअर टाकला तर मागची बाजू घसरते. आणि गिअरवर वेग कमी होताना मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागच्याला कळावं यासाठी पेडल हलकेच टेकवावं.

न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हा समज मात्र सोडायलाच हवा. गिअरमध्ये उतरताना इंजिनाला इंधन लागतच नाही, चाकं त्याला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये त्याला चालू राहण्यासाठी डिझेल जाळावंच लागतं. चावी बंद केली तर हाल आणखी वाईट: दोन-चारदा पेडल दाबलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हे किती महागात पडतं, ते वर्षानुवर्षं दिसतं आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका जड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. गाड्या न्यूट्रलमध्ये आणू नका, असं पोलिस तिथे पुन्हा पुन्हा सांगतात.

तुम्ही पिकअप चालवत असाल, किंवा तुमचा माल कुणी घाटातून आणत असेल, तर एवढं करा आणि सांगा: ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, आणि गिअर घाटमाथ्यावरच टाका, उतार सुरू होण्याआधी. एकदा गाडीने वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही. जबरदस्तीने पडलाच, तर इंजिन झेपेल त्यापेक्षा जोरात फिरून फुटू शकतं.