संत्र्याच्या फुलातला एक मिलिमीटर

जानेवारी संपत आला की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बगीच्यांत आंबिया बहार फुटू लागतो. पाणी तोडून ताणावर सोडलेली झाडं पुन्हा पाणी मिळालं की पांढरी होतात, आणि कॅमेरा बाळगणाऱ्या नागपूरकरांना काटोल रोड खुणावू लागतो. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले की तक्रार ठरलेली: पाकळी स्पष्ट आली तर मधला भाग धूसर, मधला भाग साधला तर पाकळ्या गेल्या. मग लेन्सला दोष दिला जातो. तो बहुतेक वेळा लेन्सचा नसतोच.

संत्र्याचं फूल जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचं. पाच पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये विसेक पुंकेसर, त्यांच्या टोकांना पिवळे परागकोश आणि त्यांच्या घोळक्यात कुक्षी. कुक्षीपासून वळलेल्या पाकळीच्या टोकापर्यंत सहज १ सेंटिमीटरची खोली असते. मॅक्रो लेन्स १:१ वर लावली, म्हणजे फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढं उमटलं, की फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ वर स्पष्ट दिसणारा थर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा उरतो. एफ/२.८ वर त्याचाही तिसरा हिस्सा. फुलातून आरपार सरकवलेली एक पातळ काच डोळ्यांपुढे आणा. त्या काचेत जे सापडेल तेवढंच रेखीव येणार.

अॅपर्चर आणखी बारीक करून हा थर वाढतो, पण फुकट नाही. १:१ वर लेन्स सेन्सरपासून इतकी पुढे जाते की कॅमेऱ्यावर एफ/१६ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ते एफ/३२ सारखं वागतं. प्रकाश दोन स्टॉप घटतो, आणि एवढ्याशा छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे सगळंच चित्र थोडं मऊ होतं. म्हणून माझा कौल एफ/८ ते एफ/११ ला. त्याहून सोपा उपाय लोक विसरतात: थोडं मागे सरका. फूल सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकाराचं घेतलं तर त्याच एफ/८ वर थर जवळपास तिप्पट होतो. नंतर कडा कापून चित्र हवं तेवढं मोठं करता येतं.

पण खरं काम आकड्यांच्या आधीचं आहे. या फुलात नेमकं काय दाखवायचं? परागकोशांचं वर्तुळ हवं असेल तर कॅमेरा फुलाच्या अगदी समोर, सेन्सर त्या वर्तुळाला समांतर धरा. बरेचसे परागकोश एकाच थरात येतील आणि मागच्या पाकळ्या विरल्या तरी चालतील. पाकळीची मेणासारखी जाड कड हवी असेल तर बाजूने जा. दोन्ही एकाच फोटोत मागितलं की दोन्ही अर्धवट मिळतं.

इतक्या जवळ ऑटोफोकस पुढे-मागे भिरभिरत राहतो. तो बंद करावा, रिंग फिरवून हवा तो आकार ठरवावा आणि मग रिंगला हात न लावता स्वतः किंचित पुढे झुकावं. कुक्षी रेखीव दिसू लागताच लागोपाठ चार-सहा फ्रेम घ्याव्यात. त्यातली एखादी बरोबर बसते. ट्रायपॉडवर फोकसिंग रेल असेल तर हेच काम स्क्रू फिरवून होतं.

वारा हा मोठा शत्रू. फूल सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर हललं, तरी १/२५० सेकंदात ते ०.०४ मिलिमीटर सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर म्हणजे सहा-सात पिक्सेल. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन इथे उपयोगी नाही, कारण हलतंय ते फूल. म्हणून पहाटे पोहोचावं. रात्री गार झालेली हवा जमिनीलगत पडून असते. ऊन चढून जमीन तापली की हवा हलू लागते आणि फांद्याही. बांबूची काठी रोवून तिला कपड्यांच्या चिमट्याने डहाळी हलकेच धरून ठेवता येते. फांदी ओढू नये. फुलं गळतात, आणि ती कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईची आहेत. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावरून आत पाऊल टाकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला तर त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात संपते आणि हालचाल गोठते. त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर लावावा, नाहीतर पांढरी पाकळी जळते. जळालेल्या पाकळीवरच्या बारीक रेषा नाहीशा होतात आणि फोकस बरोबर असूनही ती धूसर वाटते. संत्र्याची गर्द पानं पाहून कॅमेरा उजेड वाढवत असतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली आणावं.

पुढून मागेपर्यंत सगळंच रेखीव हवं तर फोकस स्टॅकिंग आहे: अर्धा अर्धा मिलिमीटर सरकत १ सेंटिमीटरसाठी विसेक फ्रेम, मग संगणकावर जोड. घरातल्या कुंडीतल्या फुलाला हे उत्तम. उघड्या बगीच्यात विसाव्या फ्रेमपर्यंत फूल जागेवर राहत नाही, म्हणून तिथे नीट निवडलेला एकच थर मला अधिक भरवशाचा वाटतो.

आंबिया हुकला तर जून-जुलैत मृग बहार आहे. तेव्हा ढगांमुळे उजेड मऊ मिळतो, पण वारा जास्त. फ्लॅश सोबत न्यावाच.